आठळ्या, बाठे आणि कोकमाच्या बिया : फळप्रक्रियेत उरलेल्या मालातून खाण्याजोगा माल कसा करायचा

मे महिन्याच्या अखेरीला कोकणातल्या कुठल्याही कॅनिंगच्या कारखान्यामागे किंवा फणसपोळी घालणाऱ्या घराच्या परसात गेलात तर तेच चित्र दिसतं. आंब्याच्या बाठ्यांचा ढीग, सालींचा चिखल, कोपऱ्यात फणसाच्या आठळ्यांची ओली पोती आणि त्यावर घोंघावणारी चिलटं. यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी खड्ड्यात जातं. त्यातलं निदान निम्मं माणसाच्या पोटात जाऊ शकलं असतं, आणि त्यावर दोन-चार घरांना हंगामभर काम मिळालं असतं.

मी कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात बचत गटाबरोबर हे काम करते. नव्याने विचारणा करणारे बहुतेक जण एकाच चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. "मशीन कुठलं घेऊ?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. खरा प्रश्न आहे, "माल माझ्या हातात किती तासांत येणार?" साल किंवा बी फळापासून सुटली की तिच्यावर लगेच आंबवण आणि बुरशी सुरू होते. मेमधल्या आपल्या दमट उष्म्यात पहिले चार ते सहा तास हातात असतात. त्या वेळात धुऊन उकळलं किंवा वाळवणीला लावलं तर तो कच्चा माल. सकाळी पडलेलं दुसऱ्या दिवशी उचललं तर तो कचरा, आणि मग कितीही भारी ड्रायर आणलात तरी तो कचराच राहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती बांधलेल्या आहेत.

लेख रोज २० ते ५० किलो ओला माल हाताळणाऱ्या घरगुती युनिटसाठी किंवा बचत गटासाठी आहे.

१. आधी एकच माल निवडा

तीन फळं, चार माल एकदम सुरू करू नका. नवख्यासाठी माझा क्रम असा:

पहिलं, फणसाच्या आठळ्या. त्या आपण पिढ्यानपिढ्या खातो, त्यामुळे चव परकी नाही. फळाच्या वजनाच्या साधारण ८ ते १५ टक्के आठळ्या निघतात. गर काढून विकणाऱ्यांना आणि फणसपोळीवाल्यांना त्या नकोशा असतात.

दुसरं, कोकमाच्या बिया. आमसूल आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करणाऱ्यांकडे त्या पोत्यांनी उरतात. वाळल्या की टिकाऊ, वाहतुकीला सोप्या.

तिसरी, आंब्याची साल. करता येते, पण फवारणीची माहिती असलेल्या बागेच्या आंब्याचीच.

शेवटी, आंब्याचा बाठा. यातून पीठ आणि चरबी दोन्ही निघतात, पण बुरशीचा धोका सगळ्यांत जास्त इथेच. पहिल्या वर्षी त्याला हात न लावलेला बरा. का, ते पुढे सांगते.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, सगळ्या बिया खायच्या नसतात. सासवड-पुरंदरकडे सीताफळाचा गर काढणारे पुष्कळ आहेत, आणि "बिया फुकट देतो, काहीतरी करा" असं कुणी ना कुणी म्हणतंच. सीताफळाच्या बिया विषारी असतात. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते. खाण्याच्या मालाच्या जात्याजवळही त्या आणू नका.

पेक्टिनच्याही नादी लागू नका. साल म्हटलं की कुणीतरी पेक्टिनचं, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या घटकाचं, नाव काढतं. ते करायला आम्ल, अल्कोहोल, गाळणीची यंत्रणा आणि प्रत्येक बॅचला प्रयोगशाळा लागते. हा घराच्या पडवीत करायचा धंदा नव्हे.

२. माल देणाऱ्याशी बोलणी

"फुकट मिळतंय तर पैसे कशाला?" असं वाटणं साहजिक आहे. तरी थोडे पैसे द्याच. फुकट दिलेल्या मालात चिंध्या, माती, सडकं फळ, चहाचे कप, सगळं येतं. किलोमागे दोन-तीन रुपये जरी दिलेत तरी तुम्हाला "हे असं नको, तसं हवं" म्हणता येतं.

बोलताना हे ठरवून घ्या:

- माल पोत्यात नव्हे, भोकांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये द्यायचा. क्रेट तुम्ही पुरवा, धुऊन परत द्या.
- क्रेट जमिनीवर ठेवायचा नाही. खाली फळकुट किंवा पॅलेट हवं.
- सडकं, काळं पडलेलं फळ फोडण्याआधीच बाजूला काढायचं. फोडल्यावर निवडणं अशक्य असतं.
- दिवसातून दोनदा उचल. एकदा दुपारी, एकदा काम संपल्यावर.
- कोणत्या बागेचा माल, शेवटची फवारणी कधी, हे वहीत लिहायचं. आठळीला याचं फार महत्त्व नाही, सालीला आहे.

ही बोलणी एप्रिलच्या आधी करा. हंगाम सुरू झाला की मालकाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, आणि मजुरांना सवय लावायची वेळ निघून गेलेली असते.

३. जागा आणि सामान

जागा मोठी नको, पण ओलं आणि कोरडं वेगळं हवं. जिथे आठळ्या धुता त्याच खोलीत पीठ दळाल तर पीठ ओल धरणार. दोन खोल्या नसतील तर मध्ये निदान भिंत किंवा जाड पडदा घाला, आणि दळण धुण्याच्या वेळी करू नका.

सुरुवातीला लागेल ते:

- पिण्यायोग्य पाणी, त्याचा तपासणी अहवाल
- स्टीलची पातेली, मोठी झाकणं, गॅसची मोठी शेगडी
- विळ्या किंवा चकत्या करायचं यंत्र
- स्टीलच्या जाळीचे ट्रे असलेला ड्रायर
- पल्व्हरायझर किंवा छोटी गिरणी, फक्त याच कामासाठी राखलेली
- वेगवेगळ्या चाळण्या
- ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा
- तापमापक
- पिशवी सील करायचं यंत्र
- टोप्या, हातमोजे, एप्रन
- एक जाड वही

वही शेवटी लिहिली असली तरी पहिल्या दिवसापासून लागते. कुठला माल, किती आला, किती वाजता उकळला, ड्रायरमध्ये कधी गेला, किती निघाला, सगळं तीत. ग्राहकाची तक्रार आली किंवा अधिकारी आले तर हीच वही तुमची बाजू मांडते.

गावातल्या पिठाच्या गिरणीत दळून आणायचा मोह टाळा. तिथे आधीच्या माणसाचे गहू दळलेले असतात. आठळीच्या पिठात ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू, आणि ती त्या गिरणीत पहिल्याच दळणाला संपते.

४. आठळ्यांचं पीठ

हा भाग सावकाश वाचा. बाकीच्या मालाची पद्धत यातूनच समजते.

धुणं. आठळीवर गऱ्याचा बुळबुळीत थर असतो. तो गोड असल्यामुळे आंबायला पहिला तोच लागतो. रोवळीत किंवा जाळीच्या क्रेटमध्ये घेऊन वाहत्या पाण्याखाली हाताने चोळा. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. मोड आलेल्या, किडक्या, काळे डाग पडलेल्या आठळ्या याच वेळी काढा. आठळीला मोड फार लवकर येतो, म्हणून ओल्या आठळ्या साठवून ठेवायची योजना करू नका. आपल्याकडे पावसाळ्यासाठी आठळ्या मातीत घोळून ठेवायची रीत आहे. ती घरच्या भाजीपुरती उत्तम, पण विकायच्या पिठासाठी नाही, कारण ती माती पूर्ण निघत नाही आणि तपासणीत वाळू म्हणून दिसते.

उकळणं. उकळत्या पाण्यात टाकून १५ ते २० मिनिटं. ही पायरी गाळायची नाही. कच्च्या आठळीत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. ते उष्णतेने निकामी होतात. "कच्चं वाळवून दळलं तर पीठ पांढरं येतं" असं सांगणारे भेटतील. येतं, पण खाणाऱ्याचं पोट फुगतं.

सोलणं. उकळून निथळल्यावर थोडा वेळ वारा लागू द्या. वरचं पांढरं, कागदासारखं टरफल सुकून सैल होतं आणि बोटाने निघतं. आतली तपकिरी साल मात्र घट्ट असते. मोठे कारखाने ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने काढतात. तुम्ही ते करू नका. ती राहिली तर पीठ थोडं तपकिरी येतं, तंतू जास्त मिळतात, आणि घावण्यात किंवा भाजणीत रंगाचा प्रश्नच येत नाही.

कापणं. तीन ते चार मिलिमीटरच्या चकत्या. सगळ्या सारख्या जाडीच्या असणं महत्त्वाचं. जाड-बारीक मिसळलं की बारीक करपतं आणि जाड आतून ओलं राहतं. फणस फोडताना हाताला खोबरेल लावतो तसं इथे लागत नाही, उकळल्यावर चीक उरत नाही.

वाळवणं. ड्रायरमध्ये ६० अंशांच्या आसपास. एक चौरस मीटर जाळीवर चार ते पाच किलोपेक्षा जास्त पसरू नका. घाईने ७०-८० अंश केलंत तर चकतीवर बाहेरून कडक कवच धरतं आणि आतलं पाणी अडकून बसतं. हात लावून कोरडी वाटते, आणि पंधरा दिवसांनी पिशवीत बुरशी.

झालं की नाही हे बघायला दोन चाचण्या. चकती मोडा, कडकन आवाज होऊन तुटायला हवी, वाकली तर अजून वेळ आहे. मोडलेल्या कडेला मधला भाग गडद किंवा चिकट दिसला तरीही वेळ आहे. दुसरी चाचणी जास्त भरवशाची. एक ट्रे दर तासाला वजन करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. आपल्याला शेवटचा ओलावा १० टक्क्यांच्या खाली हवा, ८ आला तर उत्तम.

दळणं. चकत्या पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नका आणि पिशवीतही भरू नका. गरम माल पिशवीत वाफ सोडतो. चाळणीवर उरलेला भरडा परत दळा, टाकू नका.

दहा किलो ओल्या आठळ्यांतून साडेतीन ते चार किलो पीठ निघतं. याहून बरंच जास्त निघालं तर खूश होऊ नका, पीठ ओलं आहे.

वापर सांगितल्याशिवाय कुणी विकत घेणार नाही. बिस्किटं, नानकटाई, केकमध्ये मैद्याच्या किंवा गव्हाच्या जागी १५ ते २५ टक्के. घावण्यात तांदळाच्या पिठाबरोबर. थालिपिठाच्या भाजणीत मूठभर. त्याहून जास्त घातलं तर फणसाचा मातकट वास वर येतो, आणि तो सगळ्यांना आवडत नाही.

५. वाळवणीचा हिशोब, मशीन घेण्याआधी

फणसाचा आणि कोकमाचा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो. जूनमध्ये उन्हाच्या भरवशावर बसणाऱ्याचा माल सडतो. मेमध्ये सोलर ड्रायर छान चालतो, पण ढग आल्यावर काय, याचं उत्तर हातात असल्याशिवाय माल उचलायचं कबूल करू नका. विजेची किंवा लाकडाच्या भट्टीची जोड असलेला ड्रायर आपल्याकडे जास्त उपयोगाचा.

आता खर्च. एक लिटर पाणी वाफ करून उडवायला सिद्धांताने साधारण ०.६५ युनिट वीज लागते. छोट्या ट्रे ड्रायरमध्ये निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते, म्हणून दीड युनिट धरा.

समजा दहा किलो आंब्याची साल घेतली आणि तिच्यात ७५ टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडा भाग अडीच किलो. ८ टक्के ओलावा ठेवून पूड निघेल सुमारे २.७ किलो. उडवायचं पाणी ७.३ लिटर. दीड युनिटने सुमारे ११ युनिट. वीज ९ रुपये युनिट धरली तर शंभर रुपये. किलोमागे नुसत्या विजेचे ३६-३७ रुपये, त्यावर मजुरी, वाहतूक, पिशवी, घट.

तोच हिशोब आठळ्यांचा. दहा किलोतून उडवायचं पाणी जेमतेम पाच लिटर, म्हणजे साडेसात युनिट, ६५-७० रुपये. पीठ साडेतीन-चार किलो, बाकीचं वजन टरफलात आणि घटीत जातं. किलोमागे १७ ते २० रुपये. सालीच्या निम्मे. आठळीला मी पहिला नंबर देते त्यामागे हे मोठं कारण आहे.

तुमच्या मालाचं, तुमच्या वीजदराने हे गणित कागदावर मांडा. विक्रेत्याने सांगितलेली "क्षमता १०० किलो" ही बहुतेकदा ट्रेवर किती मावतं ते सांगते, एका दिवसात किती वाळतं ते नव्हे. पैसे देण्याआधी तुमचा स्वतःचा माल घेऊन जा आणि त्यांच्या मशीनमध्ये तुमच्यासमोर वाळवून घ्या. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

६. कोकमाच्या बिया

बियांच्या वजनाच्या साधारण २३ ते २६ टक्के तेल असतं, आणि ते गार झालं की घट्ट होतं. सिंधुदुर्गात त्याला मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. टाचांच्या भेगांना लावतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण जुन्या घरांत ते जेवणातही असायचं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमांत कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पती चरबींना ५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, त्यांत कोकम आणि आंब्याची कोय दोन्ही आहेत. ज्या बिया आपण परसात फेकतो त्यांची जगाच्या बाजारात ही जागा आहे.

घरगुती रीत थोडक्यात अशी. बियांवरचा गर रात्रभर पाण्यात भिजवून रोवळीत चोळून काढायचा. आगळाच्या बिया असतील तर मीठ जाईपर्यंत पाणी बदलायचं. खडखडीत वाळवायच्या, हलवल्या की आतली बी वाजली पाहिजे. व्हायनात (उखळात) हलक्या हाताने कुटून सुपात पाखडून टरफल वेगळं करायचं. आतली बी बारीक वाटून पाण्यात उकळायची, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. हे तेल पुन्हा मंद आचेवर ठेवून त्यातलं पाणी पूर्ण उडवायचं. तडतड थांबली म्हणजे पाणी संपलं. पाणी राहिलं तर महिन्याभरात खवट वास मारतं.

हे सगळं घरच्यासाठी करा, मनापासून करा. पण विकायचं असेल तर नवख्याने तेल न काढता स्वच्छ वाळलेल्या बिया विकाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. खाद्य म्हणून कोकमाच्या चरबीला अन्न सुरक्षेच्या नियमांत स्वतंत्र मानक आहे, आणि त्यावर उतरायला उकळून काढलेलं तेल पुरत नाही, शुद्धीकरण लागतं. भेगांचं मलम म्हणून विकायला गेलात तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं आणि त्याचा परवाना पूर्ण वेगळा. एकाच वडीवर "खा किंवा लावा" असं छापणं तर सपशेल चुकीचं.

बियांचा भाव दोन गोष्टींवर ठरतो, ओलावा आणि बुरशी. मूठभर बिया फोडून बघा, आतला भाग फिका आणि स्वच्छ हवा. काळपट, जाळी धरलेल्या बिया मिसळल्या तर सगळं पोतं परत येतं.

७. आंब्याची साल आणि बाठा

साल वापरायची तर फळ अख्खं असतानाच धुवावं लागतं. सोललेली साल धुऊन उपयोग नाही. आधी साधं पाणी, मग ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्यात पाच मिनिटं, पुन्हा साधं पाणी. १० टक्क्यांचं खाद्योपयोगी सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १०० लिटर पाण्याला ५० मिली. देठाकडचा चीक लागलेला भाग कापून टाका, त्याने काही जणांच्या अंगाला खाज सुटते, तोंडाला फोड येतात. साल उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढली की पूड काळी पडत नाही. मग ५५ ते ६० अंशांवर वाळवा.

हापूसच्या सालीची पूड वासाला सुरेख आणि चवीला तुरट. बिस्किटात पाच टक्क्यांपर्यंत चालते. त्यापुढे जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. कीडनाशकांचे अंश सालीत गरापेक्षा जास्त सापडू शकतात, आणि वाळवल्यावर त्यांचं प्रमाण वजनाच्या मानाने वाढतं. म्हणून प्रत्येक बागेच्या मालाची अंश-तपासणी केल्याशिवाय साल विकू नका. तपासणी महाग आहे. परवडत नसेल तर साल सोडा.

बाठ्याबद्दल. गुजरातेत आंब्याच्या गोटलीचा मुखवास घरोघरी असतो, म्हणजे कोय खायची वस्तू आहे यात शंका नाही. फोडून आतली कोय भिजवायची, पाणी बदलत तुरटपणा घालवायचा, उकळायची, चकत्या करून वाळवायची. पण हे बाठा ताजा असेपर्यंतच. टणक कवचाच्या आत ओल टिकते, बुरशी बाहेरून दिसत नाही. ओडिशाच्या कंधमाल जिल्ह्यात २०२४ साली साठवलेल्या कोयींची पेज खाल्ल्यानंतर विषबाधा होऊन महिलांचा मृत्यू झाला. गरिबीमुळे ओल्या कोयी महिनोन्महिने साठवणाऱ्या माणसांवर ही वेळ आली. आपण धंदा म्हणून करणाऱ्यांनी तर इथे कणभरही ढिलाई करता कामा नये. बुरशीची काही विषं उकळून, तळून, भाजून जात नाहीत. कारखान्यामागे आठवडाभर पडलेला बाठ्यांचा ढीग कुणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी तो खाण्यासाठी घ्यायचा नाही.

८. कागदपत्रं

- आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो
- उद्यम नोंदणी. ऑनलाइन आणि मोफत. यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा
- जागेचा पुरावा : घरपट्टीची पावती, आठ-अ, किंवा भाडेकरार आणि मालकाची संमती
- ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला
- वीजबिल
- पाणी तपासणी अहवाल
- अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना, केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवरून
- बँक खातं, गटाचं असेल तर ठराव
- कर्ज घ्यायचं असेल तर प्रकल्प अहवाल आणि मशीनची कोटेशन

छोट्या उलाढालीला नुसती नोंदणी पुरते, वर गेलात की राज्य परवाना. मर्यादा आणि शुल्क पोर्टलवर त्या दिवशी जे दिसेल ते धरा, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते उत्पादनाचा प्रकार निवडताना. आठळीचं पीठ किंवा सालीची पूड यादीत नावाने सापडत नाही, मग कुणीतरी "मसाले" किंवा "बेकरी" निवडून मोकळं होतं. पुढे नमुना घेतला गेला की त्या प्रकाराचे निकष लागतात आणि तुमचा माल त्यांत बसत नाही. अर्ज भरण्याआधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात नमुना आणि एक पानाची पद्धत घेऊन जा, आणि कुठला प्रकार लागू होतो ते विचारा. ज्या घटकाचा आपल्याकडे खाण्याचा इतिहासच नाही, त्याला आधी केंद्रीय प्राधिकरणाची वेगळी मंजुरी लागते. यासाठी २०१७ चे नियम आहेत. आठळीसारखा पिढ्यानपिढ्या खाल्लेला माल आधी घ्या असं म्हणते त्याचं हेही एक कारण.

अनुदानासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना बघा. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे, आणि किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात. अर्ज सध्या घेतात का हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. तिथे जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, प्रकल्प अहवालाला त्यांची मदत होते. अनुदान मिळणार म्हणून गरजेपेक्षा मोठं मशीन घेऊ नका. हप्ता पूर्ण कर्जावर सुरू होतो, अनुदान नंतर येतं.

प्रशिक्षणासाठी दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरी जिल्ह्यात लांज्याचं आणि सिंधुदुर्गात किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र. तंत्रज्ञान विकत घ्यायच्या टप्प्यावर पोचलात तर म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था.

९. तपासणी आणि लेबल

पहिली बॅच विकण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. ओलावा, एकूण राख, आम्लात न विरघळणारी राख म्हणजे वाळू-माती, यीस्ट आणि बुरशी, कोलिफॉर्म आणि साल्मोनेला हे जिवाणू, अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष. सालीला कीडनाशकांचे अंश. एवढं सांगून मागा, नाहीतर "पूर्ण पॅकेज" म्हणून नको त्या चाचण्यांचं बिल येतं.

लेबलवर मालाचं नाव, घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं, पत्ता, शाकाहारी चिन्ह आणि १४ आकडी अन्न सुरक्षा क्रमांक हवा. "मधुमेहावर गुणकारी", "कॅन्सरपासून बचाव" असलं काही छापू नका. आठळीबद्दल समाजमाध्यमांवर असं पुष्कळ फिरतं. ते छापलंत की तुमचा प्रामाणिक माल बेकायदा होतो. "ग्लुटेनमुक्त" लिहायचं तरी त्याची तपासणी करून घ्यावी लागते.

पिशवी जाड, ओल न शिरणारी हवी. साध्या पॉलिथिनमध्ये पावसाळ्यात पीठ गुठळ्या धरतं.

१०. गिऱ्हाईक

किरकोळ विक्रीच्या मागे लगेच धावू नका. पाव किलोची शंभर पाकिटं विकायला जितकी दमछाक होते तितकी एका बेकरीला २५ किलो द्यायला होत नाही. आधी गावातली बेकरी, भाजणी करणारे गट, खानावळी. त्यांना पीठ देताना तयार बिस्किट किंवा घावणा सोबत न्या, आणि किती टक्के घालायचं ते कागदावर लिहून द्या. बेकरीवाल्याला दर वेळी तोच रंग आणि तीच बारीकी लागते, म्हणून पहिल्या दळणाचा नमुना बरणीत जपून ठेवा आणि पुढचं प्रत्येक दळण त्याच्याशी ताडून बघा.

हंगाम तीन महिन्यांचा, गिऱ्हाईक बारा महिन्यांचं. जुलैमध्ये हातात किती पीठ असेल त्यावरून महिन्याला किती देता येईल ते काढा आणि तेवढ्याचीच कबुली द्या.

हे सगळं करूनही टरफलं, चारखंड (फणसाची वरची साल), कोकमाचा चोथा उरतोच. ताजं चारखंड गुरांना, बाकीचं कंपोस्टला. तो खड्डा वाळवणीच्या खोलीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला खणा, आणि पाऊस लागायच्या आत त्यावर पत्रा टाकून घ्या.